श्रावणाची कावड

देवळात आपण जातो ते दर्शनासाठी. पूजा पुजारी करतो, अभिषेकाला यजमान बसतो, नैवेद्य ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणलेला असतो. पण दर्शन मात्र प्रत्येकाने स्वतःच घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याकरवी होत नाही. जत्रेच्या दिवशी सभामंडपात दाटी झालेली असताना एखादी वृद्ध स्त्री नातीचा हात धरून आली, की लोक आपण होऊन बाजूला सरतात, "आजींना पुढे जाऊ द्या," असे कोणीतरी म्हणते, आणि ती गर्भगृहाच्या उंबरठ्याशी जाऊन हात जोडते. आत समया तेवत असतात, मूर्तीवर फुलांची पूजा बांधलेली असते, चांदीच्या प्रभावळीवर उजेड हलत असतो. आजी क्षणभर डोळे किलकिले करते, उंबरठ्याला कपाळ टेकते आणि परत फिरते. "दर्शन झालं?" असे नातीने विचारले, तर "झालं हो बाई, छान झालं," असे तिचे उत्तर असते.

तिला काय दिसले, हे मात्र तिला कोणी विचारीत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला गर्भगृहाच्या अंधारात ज्योतीभोवतीचे एक धुरकट वलय तेवढे दिसते. देवीचे मुख दिसत नाही. जे मुख ती पन्नास वर्षे पाहत आली, ते ती आता आठवणीने पाहते. तिने हे कधी सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटले नाही. आणि आम्ही कधी विचारले नाही, कारण तिच्याकडे पाहण्याची आमची सवय ती आमच्यासाठी काय करते एवढ्यापुरतीच राहिली.

आजचा आमचा विषय तो न विचारलेला प्रश्न हा आहे. एकाच छपराखाली एकाच वयाच्या दोन माणसांचे डोळे मंदावत असता पुरुषाचे डोळे आधी बरे होतात आणि स्त्रीचे मागून, किंवा कधीच नाही. हे का घडते? तिला कोणीच "नको" म्हटले नसेल, तर या अन्यायाचा कर्ता कोण? आणि तिनेच स्वतः "नको" म्हटले असेल, तर त्याला अन्याय म्हणावे की त्याग?

आकड्यांनी वाचकांस शिणवण्याचा आमचा हेतू नाही. पण आपल्या म्हणण्याला आधार आहे की नाही, हे पाहण्यापुरते ते घेतले पाहिजेत. २०१५ ते २०१९ या काळात भारतात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी गाठलेल्या व त्यावरील लोकांत अंधत्वाचे प्रमाण शेकडा १.९९ आढळले. त्यातील शेकडा ६६.२ अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले, म्हणजे शस्त्रक्रियेने बहुधा दूर होण्याजोगे होते; आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अंधत्व अधिक होते. साऱ्या जगाचा हिशेब २०२० सालापुरता मांडला गेला, तेव्हा सुमारे ४ कोटी ३३ लक्ष अंध माणसांत शेकडा ५५ स्त्रिया निघाल्या.

यावर पहिला आक्षेप तत्काळ येतो, आणि तो रास्त आहे. स्त्रिया अधिक वर्षे जगतात. म्हातारपणाचे रोग त्यांच्यात अधिक दिसणारच. यात समाजाचा दोष काय? हा आक्षेप संशोधकांनीही विचारात घेतला. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयाचा फरक वजा करूनही आशियातील स्त्रियांत अंधत्वाची शक्यता पुरुषांच्या सुमारे १.४ पट आढळली. मोतीबिंदू होण्याकडे स्त्रीच्या शरीराचा थोडा अधिक कल असतो, हेही खरे मानले तरी सारा फरक त्याने भरून निघत नाही. उरलेला भाग उपचाराचा आहे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रियांवर पुरुषांइतक्याच प्रमाणात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तर मोतीबिंदूने येणारे अंधत्व व तीव्र दृष्टिदोष सुमारे ११ टक्क्यांनी घटेल, असे २००९ साली काही अभ्यासकांनी हिशेब करून दाखवले. त्यासाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही, नवे शस्त्र घडवावयाचे नाही; जे आहे ते घरातील दुसऱ्या माणसापर्यंत न्यावयाचे आहे, इतकेच.

आपल्या देशातील अनेक रुग्णालयांत आज स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीला आलेली दिसते, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. परंतु ज्या पंगतीत भुकेले अधिक, तिथे पाने सारखी मांडली म्हणजे वाढप सारखे झाले असे होत नाही. गरज अधिक असलेल्यांना संख्येची बरोबरी पुरत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. पैसाच नसेल तिथे स्त्री काय आणि पुरुष काय, दोघेही अंधारातच राहणार. हेही वरवर पटण्यासारखे आहे. परंतु डोळ्यांच्या बाबतीत या देशाने गरिबीवर जेवढे उपाय शोधले, तेवढे फार थोड्या रोगांच्या बाबतीत शोधले असतील. १९५० साली संत रणछोडदासजी महाराजांच्या प्रेरणेने चित्रकूट येथे नेत्रयज्ञ भरला; त्या कार्यातून पुढे तिथे मोठे नेत्ररुग्णालय उभे राहिले. आमच्या सीमाभागातील वृद्धांना डॉ. एम. सी. मोदी यांची नेत्रशिबिरे अजून आठवत असतील. गावोगावी जाऊन शाळांत व धर्मशाळांत त्यांनी हजारो लोकांचे मोतीबिंदू काढले. १९७६ साली अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. डोळ्यात बसवावयाचे कृत्रिम भिंग एके काळी परदेशातून येई व गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. ते त्याच संस्थेच्या कारखान्यात १९९२ पासून अल्प किमतीत तयार होऊ लागले. आज अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया विनामूल्य होते, भिंग विनामूल्य मिळते, जेवणही मिळते.

आणि तरीही आजी घरीच राहते. कारण विनामूल्य शस्त्रक्रियेलाही एक मूल्य असते, आणि ते रुग्णालयाच्या पावतीवर लिहिलेले नसते. तिला नेणार कोण? आबांना शेजारच्या गृहस्थाबरोबर बसमध्ये बसवून देता येते. आजीबरोबर घरचेच कोणी पाहिजे, म्हणजे एकाचा रोज बुडणार. ती दोन दिवस नसली तर स्वयंपाकाचे काय, गुरांचे काय, शाळेतून येणाऱ्या नातवंडांचे काय? परत आल्यावर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावयाचे, धूर व धूळ टाळावयाची, डोळ्यांत पाणी जाऊ द्यावयाचे नाही, असे डॉक्टर सांगतात. जिचे निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले, तिने धूर कसा टाळावा? चुलीच्या धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. ज्या चुलीने डोळे नेले, तीच चूल डोळे परत आणण्याच्या आड उभी राहते. घरातील गरिबी सर्वांची असते खरी, पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. आहे त्या पैशात, आहे त्या वेळात कोणाचा क्रम आधी, हे गरिबी ठरवीत नाही. ते घर ठरवते.

घर हे कसे ठरवते, ते पाहण्यासारखे आहे. आबांना वर्तमानपत्र दिसेनासे झाले, की ती गोष्ट त्याच सकाळी घरभर होते. सातबाऱ्यावरचे नाव वाचता येईना, बँकेत सही चुकली, पायरी चुकून पडले, की दुसऱ्या दिवशी मुलगा नेत्रवैद्याची वेळ घेतो. पुरुषाचे डोळे घराबाहेरच्या कामाशी जोडलेले असतात, म्हणून त्यांचे मंद होणे लगेच उघडे पडते. आजीचे काम घरात. पन्नास वर्षांच्या सवयीने तिच्या हातांना मिसळणाच्या डब्यातील हळद कुठे व मोहरी कुठे हे ठाऊक असते. तापलेल्या तेलाचा अंदाज ती आवाजावरून घेते. परसातली वाट तिच्या पावलांना पाठ असते. तिचे डोळे जातात, पण घराचे काही अडत नाही, आणि जिथे अडत नाही तिथे घर थांबून पाहत नाही. एके दिवशी जेवताना कोणाच्या तरी दाताखाली खडा येतो. तेव्हा घर काय करते? तांदूळ निवडण्याचे काम सुनेकडे जाते आणि आजीला वाती वळावयास देतात. वाती वळण्यास डोळे लागत नाहीत. पुढे सुईत दोरा ओवण्यासाठी ती नातवाला हाक मारू लागते. मग शिवणही तिच्याकडून काढून घेतले जाते. घराने तिच्या अंधत्वाशी अशी हळूहळू जुळणी करून घेतलेली असते. तिच्या डोळ्यांचा प्रश्न सोडवण्याऐवजी तिच्या हातचे काम बदलण्यात आलेले असते. आणि हे सारे अत्यंत प्रेमाने! "आई, तुम्ही आता दगदग करू नका," असे सून मनापासून म्हणते. त्या वाक्यात कपट नाही, दुष्टावा नाही. म्हणूनच हा अन्याय ओळखणे इतके कठीण आहे.

मग केव्हातरी मुलगा विचारतो, "आई, गावात शिबिर आहे म्हणे. डोळे दाखवायला येतेस का?" आणि ती म्हणते, "असू दे रे. मला आता काय पाहायचं राहिलंय?" गोव्यात असेल तर म्हणते, "म्हाका आतां कितें पळोवपाचें आसा?" शब्द निराळे, पण उत्तर इंदूरच्या वाड्यातही तेच आणि बेळगावच्या गल्लीतही तेच. मुलाला वाटते, आपण विचारले. तिला नको आहे. आपले कर्तव्य झाले.

येथे आम्ही आमच्या मुख्य प्रश्नापाशी येतो. तिच्या या "नको"ला त्याग म्हणावे काय?

आपल्या परंपरेत त्यागाचे स्थान फार उंच आहे, आणि ते तसे असावे असेच आम्ही मानतो. परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते या प्रसंगी आठवावे. आसक्ती व फळ सोडून कर्तव्य करीत राहणे हा सात्त्विक त्याग. शरीराला क्लेश होतील या भयाने कर्म टाकणे हा राजस त्याग. आणि आपल्या वाट्याला आलेले नियत कर्म मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. आजीने जे सोडले, ते यांपैकी कोणते? तिने फळाची आसक्ती सोडली म्हणावे, तर डोळे हे फळ नव्हे. ते कर्माचे साधन आहे. ज्या साधनाने ती पोथी वाचील, नातवंडाचा चेहरा ओळखील, अंगणातील पायरी चुकणार नाही, ते साधन टाकणे हा कोणत्याही शास्त्रात पुण्याचा मार्ग सांगितलेला नाही. शिवाय त्यागाला आधी स्वामित्व लागते. जी वस्तू माणसाच्या हातात आली आणि जी तो ठेवूही शकला असता, तिचाच त्याग होऊ शकतो. शस्त्रक्रिया आजीच्या हातात कधी आलीच नव्हती. तिच्यापुढे तिचा खर्च, मुलाचा बुडणारा रोज, सुनेवर पडणारा भार आणि आपल्या जाण्यायेण्याची अडचण एवढेच मांडले गेले. डोळे परत येतील हे तिला कोणी नीट सांगितलेही नाही. ती नाही म्हणते, ते आपण घराला महाग पडू या भीतीने म्हणते. तो नकार तिच्या तोंडून निघाला, तरी तो आम्हीच तिला शिकवलेला आहे.

मग या कथेत खरोखर कोणी काही टाकले असेल, तर ते आम्ही. वृद्ध माता-पित्यांची सेवा हे आमचे नियत कर्म. तिच्या "नको"ची सबब पुढे करून ते आम्ही टाकले, आणि वर तिला त्यागमूर्ती म्हटले. गीतेच्या भाषेत हा त्याग तामस ठरतो, आणि तो करणारे आम्ही आहोत.

आपल्या जुन्या कथांकडे या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पुरुष अंध झाला, की कथेत त्याच्यासाठी कोणी ना कोणी स्त्री उभी राहते. सावित्रीला यमाने वर मागण्यास सांगितले, तेव्हा पतीचे प्राण सोडून काहीही माग अशी अट होती. तिने पहिल्याच वराने सासऱ्याचे, द्युमत्सेनाचे, गेलेले डोळे मागितले. सुकन्येच्या हातून अजाणता च्यवन ऋषींचे डोळे फुटले. तिने आपले सारे तारुण्य त्यांच्या सेवेस वाहिले, आणि पुढे अश्विनीकुमारांच्या प्रसादाने ऋषींना नवे रूप लाभले. गांधारीची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. पती अंध आहे असे कळताच तिने आपल्या निरोगी डोळ्यांवर पट्टी बांधली. तिच्या निष्ठेपुढे आम्हीही मस्तक लववतो. परंतु त्या पट्टीला आपण जेवढे गौरवले, तेवढा एक साधा प्रश्न विचारला नाही: ज्या घरात राजा अंध होता, त्या घराला दोन पाहणाऱ्या डोळ्यांची गरज नव्हती काय? शंभर पुत्रांच्या मातेने त्यांची तोंडे पाहिली असती, तर कुरुकुलाचे अकल्याण झाले असते काय? गांधारीने ती पट्टी निदान स्वतःच्या हाताने बांधली होती. आमच्या घरातील आजीच्या डोळ्यांवरचा पडदा तिने बांधलेला नाही. तो आपोआप आला, आणि आम्ही तो तसाच राहू दिला.

पण याच परंपरेत दुसरीही एक कथा आहे, आणि ती आमच्या मते या प्रश्नावरचे उत्तर आहे. आपल्या लोककथेतील श्रावणाचे आई आणि वडील दोघेही अंध. त्यांना तीर्थयात्रा घडवण्यासाठी त्याने कावड केली. एका बाजूस वडील, दुसऱ्या बाजूस आई. लहानपणी ही कथा ऐकताना आपण श्रावणाच्या भक्तीने भारावतो. पण त्या कावडीचा साधा गुणधर्म कोणी ध्यानात घेत नाही. कावड एका बाजूने भरून चालत नाही. एकाच टोपलीत भार घालून ती खांद्यावर घेतली, तर दुसरे टोक वर जाते आणि वाहणारा दोन पावलेही चालू शकत नाही. श्रावणाने "आई, तू येतेस का?" असे विचारले आणि तिने "मला आता काय करायचंय तीर्थ, तुझ्या वडिलांना घेऊन जा," असे म्हटले, असे कथेत नाही. तिची टोपली तिच्यासाठी आधीच बांधलेली होती. उपनिषदातील आचार्याने विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला उपदेश केला, तेव्हाही आधी आईचे नाव घेतले, मग पित्याचे. क्रमाचा विचार करावयाचाच झाला, तर आपल्या शास्त्राने तो असा करून ठेवला आहे.

उशिराचे परिणाम सर्वत्र सारखे नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. मोतीबिंदूत उशीर झाला, तरी दृष्टी बहुधा परत मिळते. गेलेली वर्षे तेवढी परत मिळत नाहीत. काचबिंदूचे तसे नाही. त्यात गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही, आहे तेवढी राखता येते. आणि त्याचा एक प्रकार, ज्यात डोळ्यातील पाण्याची वाट अरुंद होऊन बंद पडते, तो स्त्रियांत अधिक आढळतो. तिला वेळेवर न नेणे म्हणजे तिची दृष्टी कायमची जाऊ देणे होय. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी कठोर आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकाची शस्त्रक्रिया लवकर झाली नाही, तर मेंदू पाहण्यास शिकतच नाही, आणि मागाहून डोळा स्वच्छ केला तरी दृष्टी पुरती येत नाही. असा मोतीबिंदू मुलगा-मुलगी पाहून होत नाही; परंतु अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या बालकांत मुलांची संख्या मुलींहून अधिक भरते. ज्या मुली आल्या नाहीत, त्या कोठे आहेत, हे आपण सर्व जाणतो. त्या घरीच आहेत.

चष्म्यासारख्या क्षुल्लक वस्तूतही हाच भेद शिरतो. फळ्यावरचे दिसत नाही असे मुलगा म्हणाला, तर त्याला चष्मा मिळतो. मुलगी म्हणाली, तर पुढे स्थळे पाहताना अडचण येईल म्हणून घरात कुजबुज होते, आणि चष्मा आणला तरी पाहुण्यांसमोर तो काढून ठेवण्यास तिला सांगितले जाते. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, ते स्त्री-पुरुष दोघांनाही. पण बाईचे जवळचे काम म्हणजे निवडणे-टिपणे, त्यासाठी चष्मा कशाला, असे मानण्याचा प्रघात आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढील कामगारांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या, जवळच्या कामाचे चष्मे देऊन पाहण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात चष्मा मिळालेल्यांच्या कामाचा उरक इतरांहून सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढला. बाईच्या हातच्या कामाला डोळे लागतात, हे सिद्ध करण्यास प्रयोग करावा लागावा, यातच आमच्या समजुतीची परीक्षा झाली!

आता आपल्या देवस्थानांविषयी दोन शब्द. आपल्या देवीची नावे पाहा: मीनाक्षी, विशालाक्षी, आणि आमच्या शिरोड्याची कामाक्षी. नेत्रांवरून देवीला नाव देणारे आपण लोक. मूर्तीची प्रतिष्ठा होते, तेव्हा नेत्रोन्मीलनाचा विधी केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. शिल्पकाराने सारे अंग घडवले, तरी शलाकेने डोळे उघडले जाईपर्यंत ती मूर्ती पूजेस पात्र ठरत नाही. आणि योगायोग असा, की आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी डोळ्यांची चिकित्सा ज्यात येते, त्याचे नावही शलाकेवरूनच शालाक्यतंत्र असे पडले. सुश्रुताने मोतीबिंदूवर जी शस्त्रक्रिया सांगितली, तिचे साधनही शलाकाच. देवीचे डोळे उघडणे आणि माणसाचे डोळे उघडणे, ही दोन कामे आपल्या पूर्वजांना फार लांबची वाटली नसावीत. डोळ्यांचे दुखणे बरे व्हावे म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस आजही केला जातो. तो नवस बहुधा घरातील स्त्रीच बोलते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी.

आणखी एक गोष्ट. बाजार, कचेरी, रुग्णालय या सर्व ठिकाणी जाण्यास वृद्ध स्त्रीला कारण द्यावे लागते, सोबत मागावी लागते, पैशांचा हिशेब सांगावा लागतो. देवळात जाण्यास मात्र तिला कोणी कारण विचारीत नाही. म्हणून जी आजी नेत्ररुग्णालयाच्या दारात कधी दिसणार नाही, ती जत्रेला, नवरात्राला, पालखीला हटकून येते. तिला शोधावयास कोठे जावे लागत नाही. ती आपल्याच सभामंडपात उभी असते. अग्रशाळेच्या एका खोलीत त्या दिवशी डोळे तपासण्याची सोय झाली, तपासणीस आलेल्यांच्या यादीत किती स्त्रिया व किती पुरुष हे समितीने पाहिले, शस्त्रक्रिया ठरलेल्या बाईला नेण्या-आणण्यास गाडी व सोबतीस एखादी स्वयंसेविका दिली, आणि ती परत आल्यावर आठ दिवस तिच्या घरी दोन वेळचा डबा पोचवला, तर महाप्रसादाच्या खर्चाचा एक लहानसा भागच त्यात जाईल. यज्ञाला पत्नीवाचून पूर्णता नाही, असे आपण मानतो. अश्वमेधाच्या वेळी रामचंद्राला सुवर्णाची सीता शेजारी बसवावी लागली. नेत्रयज्ञातही यजमानाच्या शेजारची जागा रिकामी राहता कामा नये.

परंतु देवस्थानाने काय करावे हे सांगून आपले काम संपत नाही, कारण हा प्रश्न अखेर घराचा आहे, आणि घरात तो एका वाक्यात अडलेला आहे. "येतेस का?" या प्रश्नात नकाराची वाट आधीच मोकळी ठेवलेली असते. आपण तापाने फणफणलेल्या मुलाला "डॉक्टरांकडे येतोस का?" असे विचारीत नाही, उचलतो आणि नेतो. वृद्ध माणसाला मुलासारखे वागवावे असे आमचे म्हणणे नाही. तिची इच्छा विचारलीच पाहिजे. पण ती विचारण्यापूर्वी तिच्या मार्गातील अडचणी आपण दूर केल्या पाहिजेत. रजा घेतली आहे, सोबत ठरली आहे, स्वयंपाकाची व्यवस्था झाली आहे, शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागत नाही, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येता येते, हे सारे तिला आधी सांगावे. तिच्या मनात कदाचित तिच्या आईच्या काळचे चित्र असेल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसचे दिवस निश्चल पडून राहणारे रोगी आणि त्यानंतरचा तो जाड भिंगांचा चष्मा. ते दिवस गेले, हे तिला ठाऊक नसते. एवढे केल्यावरही ती "नको" म्हणाली, तर तो नकार तिचा स्वतःचा. त्याचा मान ठेवावा. आमचा अंदाज मात्र असा आहे, की इतके केल्यावर "नको" म्हणणाऱ्या आजी फार थोड्या निघतील.

आणि मग पुढच्या जत्रेला तीच आजी गर्भगृहाच्या उंबरठ्याशी उभी राहील. नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ राहील, मागचे लोक ताटकळतील. देवीच्या नथीतले मोती, कपाळीचे कुंकू, नव्या लुगड्याचा काठ हे सारे ती पाहत असेल. कदाचित मागे वळून नातीकडे पाहून "तू एवढी मोठी कधी झालीस ग?" असेही ती म्हणेल. त्या दिवशी तिला "दर्शन झालं?" असे विचारताना आपल्याला शरमेने खाली पाहावे लागू नये, एवढीच देवीच्या चरणी आमची प्रार्थना आहे.